संयमाची बाजू

मयूर विहार, दिल्ली
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय शांताराममामा,

तुम्हाला आणि मामींना माझा नमस्कार पोहोचावा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर मनातलं सांगता येत नाही, म्हणून पत्रच बरं. उत्तर मात्र मंडळाच्या पत्त्यावर पाठवू नका. तिथलं टपाल प्रमोदिनीताई उघडतात, मग ते कुणाच्याही नावाचं असो. त्या आमच्या मंडळाच्या कार्यवाह. पाकिटावर लिहिलेला पत्ता समोरच्या झेरॉक्सवाल्याचा आहे, तो माणूस विश्वासाचा आहे.

काम ठीक चाललं आहे. सह्यगिरी मंडळाचा हॉल लग्नकार्यांना देणं, दाराशी फळ्यावर तारखा लिहिणं, सभासदांना पत्रं पाठवणं आणि स्मरणिकेची प्रुफं तपासणं. बी.ए. दुसऱ्या वर्षातच सुटलं असलं तरी शुद्धलेखनात इथे कुणी माझी चूक काढू शकलेलं नाही.

तुम्ही बजावलं होतं त्याप्रमाणे आपण बौद्ध आहोत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. खरं तर कुणी विचारलंच नाही. निमगावकर हे आडनाव आणि माझं बोलणं ऐकून त्यांनी आपणहून ठरवून टाकलं. ‘आपल्यातलाच मुलगा मिळाला’ असं प्रमोदिनीताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. इथे झाडलोट करायला सुनीता नावाची बाई येते. तिला चहा कागदी पेल्यात, बाकी सगळ्यांना कपात. मला कपात मिळतो. तो कप मी रोज तोंडाला लावतो.

अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले आहेत की जानेवारीत मला कायम करतील आणि आता ऑफिसात झोपतो त्याऐवजी गच्चीवरची खोली राहायला देतील. ते मोठे अधिकारी होते, दिलेला शब्द पाळतात असं म्हणतात. खोली मिळाली की मयुराला बोलावून घेईन, आम्ही बहीणभाऊ तिथेच राहू. तिचा करोल बागेतला स्पर्धा परीक्षेचा क्लास जानेवारीतच सुरू होतो. इथून मेट्रो सरळ जाते. मुलींच्या पी.जी.चं भाडं आपल्याला झेपणारं नाही, तेव्हा सगळं या खोलीवर आहे.

आणखी एक. नोव्हेंबरात मंडळात जाहीर वादविवाद आहे. विषय, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे दोन पुढारी, बुकर वॉशिंग्टन आणि ड्यू बॉईस. एक म्हणायचा, आधी हाताला काम शिका, कमवा, हक्कांचं नंतर बघू. दुसरा म्हणायचा, हक्क आजच हवेत, मतदान हवं, उच्च शिक्षण हवं. ड्यू बॉईसची बाजू लतिकाला दिली आहे. ती प्रमोदिनीताईंची मुलगी, गुडगावला मोठ्या कंपनीत आहे. वॉशिंग्टनची बाजू मला. अण्णासाहेब म्हणाले, संयमाची बाजू तुला शोभते.

तुम्ही तरुणपणी या लोकांबद्दल पुष्कळ वाचलं होतं असं आई सांगायची. काही कळवाल का?

तुमचा,
केतन


अकोला
१७ ऑक्टोबर २०२५

चि. केतन,

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच सुबक आहे, बरं वाटलं.

वॉशिंग्टनबद्दल तू लिहिलंस ते अर्धंच आहे. तो गुलामगिरीत जन्मला. ड्यू बॉईस नव्हे. ड्यू बॉईस उत्तरेत, मोकळा जन्मला, मोठ्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. ज्याने मालकाचं अंगण पाहिलंय तो जपून बोलतो, यात भित्रेपणा कुठे आला? वॉशिंग्टनने शाळा काढली तेव्हा विटासुद्धा मुलांकडून भाजून घेतल्या. पहिल्या भट्ट्या फसल्या. पुन्हा लावल्या. शेवटी त्या गावचे गोरे लोक त्याच्याकडून विटा विकत घ्यायला लागले. हे भाषणात जरूर सांग.

मी दिल्लीत नोकरीची सगळी वर्षं काढली. सरकारी क्वार्टरमध्ये बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या दाराला आतून लावला होता. सकाळी कपाट उघडायचं, हात जोडायचे, बंद करायचं. शेजारी हळदीकुंकवाला यायचे, तुझी मामी जायची. कुणाला कळलं नाही. आज माझी दोन्ही मुलं आपापल्या जागी आहेत. ती फोटो बाहेरच्या खोलीत लावतात, कारण त्यांना तो परवडतो.

तेव्हा जानेवारीपर्यंत कप तोंडाला लाव. मयुराचं एकदा मार्गी लागू दे.

आशीर्वाद,
शांताराम


मयूर विहार
२८ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

दिवाळीचा फराळ मिळाला. चकल्या मोडल्या होत्या, चव मात्र घरची होती.

आज जे लिहितो आहे ते लिहितानाही बोटांना घाण लागल्यासारखं वाटतंय. गेल्या आठवड्यात हॉलसाठी एक अर्ज आला. गाझियाबादचे अशोक तायडे, रेल्वेत आहेत. त्यांची मुलगी रुचिता. अर्जात आपल्या बौद्ध पद्धतीने लिहिलं होतं, ‘आयुष्मती रुचिता हिचा मंगल परिणय, ३० नोव्हेंबर’. प्रमोदिनीताईंनी वाचलं, कागदाची घडी घातली आणि मला म्हणाल्या, तारीख नाही म्हणून कळव.

मी म्हटलं, फळ्यावर ती तारीख मोकळी आहे. त्या हसल्या. आवाज जरा खाली आणला.

“अरे, फळ्यावर मोकळी असली म्हणून काय झालं? पुढे मार्गशीर्षातले गुरुवार आहेत आपले. त्यांचं सगळं वेगळं असतं. कळतंय ना तुला?”

‘तुला’ म्हणताना त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, घरच्या माणसाच्या ठेवावा तसा. मी मान हलवली.

मग मी फोन केला. अशोकरावांनी तो बायकोला दिला. शालिनीबाई त्यांचं नाव. त्या म्हणाल्या, साहेब, मुलाकडची माणसं भुसावळहून येणार, परमुलखात निदान हॉल तरी मराठी माणसांचा असावा एवढीच हौस आहे, बघा ना एखादी तारीख, सकाळची चालेल, मधल्या वाराची चालेल. मी म्हटलं, माफ करा, डिसेंबरअखेर एकही तारीख शिल्लक नाही. माझा आवाज एकदाही अडखळला नाही. किती सफाईदार बोललो मी, मामा. फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन तोंड धुतलं, तरी ते वाक्य तोंडातच होतं.

संध्याकाळी वादविवादाची तालीम झाली. लतिका छान बोलते. ड्यू बॉईसच्या वतीने ती म्हणाली की माणसाला दारातून परत पाठवणं हा त्याच्या आत्म्यावरचा वार आहे. प्रमोदिनीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्या नाटक करत नव्हत्या. माझा संताप झाला असता तर बरं होतं. मला नुसती शिसारी आली.

लतिकाच्या टिपणात एक ओळ होती, की बाबासाहेबांनी ड्यू बॉईसला पत्र लिहिलं होतं आणि त्याचं उत्तरही आलं होतं. मला हे माहीत नव्हतं. प्रमोदिनीताईंनी ती ओळ काढायला लावली. विषय उगाच भरकटेल म्हणाल्या. लतिका म्हणाली, “हां मम्मा, राइट, फोकस जाईल.” आणि खोडली.

वॉशिंग्टनच्या विटा चांगल्या आहेत, मामा. पण त्या विटांच्या भिंतीला दार कुणी ठेवायचं?

तुमचा,
केतन


अकोला
६ नोव्हेंबर २०२५

चि. केतन,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मामीला वाचून दाखवलं नाही.

तू वॉशिंग्टनला इतक्या लवकर निकालात काढू नकोस. एक गोष्ट सांगतो. हा माणूस व्यासपीठावर म्हणायचा, गोऱ्यांनो, आमची भीती बाळगू नका, सामाजिक व्यवहारात आपण वेगळे राहिलो तरी चालेल. आणि त्याच काळात काळ्यांचा मतदानाचा हक्क काढून घेणाऱ्या कायद्यांविरुद्ध कोर्टात जे खटले चालले होते, त्यांना तो गुपचूप पैसे पुरवत होता. वकिलांशी पत्रव्यवहारही आडून चालायचा. त्याच्या हयातीत फारच थोड्यांना माहीत होतं. गोऱ्यांना वाटायचं, हा आपला. ड्यू बॉईसच्या बाजूच्या लोकांनाही वाटायचं, हा त्यांचा. तो दोघांचं ऐकून घ्यायचा आणि करायचं ते करायचा.

वाकलेला माणूस दर वेळी पायच धरत असतो असं नाही.

थंडी पडू लागली असेल. तुमच्याकडची हवा वाईट आहे असं पेपरात येतंय. तोंडाला रुमाल बांधत जा.

आशीर्वाद,
शांताराम


मयूर विहार
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मामा,

तुमच्या पत्राने माझे डोळे उघडले. तुम्ही उघडपणे सांगू शकत नव्हता, तरी मला समजलं. त्याच दिवशी मी ते करून टाकलं.

आधी इथली एक रीत सांगतो. कधीकाळी एकाच तारखेला दोन घरांना हॉल दिला गेला आणि दोन वराती फाटकाशी एकमेकींना भिडल्या. तेव्हापासून मंडळाचा ठराव आहे की फळ्यावर नाव चढलं की कार्य होईपर्यंत ते कुणी पुसायचं नाही, अध्यक्षांनीसुद्धा नाही. लोक येताजाता फळ्याचा फोटो काढून नेतात, तोच पुरावा मानतात. नाव लिहिण्याचं काम माझं.

प्रमोदिनीताई पुण्याला गेल्या होत्या. मी तायड्यांना फोन केला, एक तारीख मोकळी झाली आहे, आजच या. दोघं नवराबायको तासाभरात आली. पावती दिली आणि फळ्यावर त्यांच्यासमोरच लिहिलं, ‘३० नोव्हेंबर, आयु. रुचिता तायडे, मंगल परिणय’. अशोकरावांनी फोटो काढला. शालिनीबाई मला म्हणाल्या, तुमचे उपकार विसरणार नाही, साहेब. मी म्हटलं, माझं कामच आहे. तुमच्या वॉशिंग्टनसारखं वाटलं थोडा वेळ.

प्रमोदिनीताई परवा परतल्या. फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मी सांगितलं, अर्ज दुसऱ्यांदा आला, मला वाटलं निर्णय बदलला. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर कुणी संशय घेत नाही. आपल्यातला ना मी.

मग अण्णासाहेब आले, दार लावून चर्चा झाली, मला चहा आणायला लावलं. ठरलं ते असं. फळा पुसायचा नाही, बाहेर बोभाटा नको. स्वयंपाकघराला कुलूप, त्यांनी बाहेरचा आचारी आणावा. आणि कार्य उरकल्यावर केतनने हॉल फिनाइलने धुऊन घ्यावा आणि चारी कोपऱ्यांत गोमूत्र शिंपडावं, कारण गुरुवारी महालक्ष्मीची पूजा आहे. सुनीताने शिंपडून चालणार नाही. केतनने. बाटली आणूनही ठेवली आहे, माझ्याच टेबलाच्या खणात. खण उघडला की ती समोर.

हे नेहमीचंच आहे, असं प्रमोदिनीताई म्हणाल्या. नाही. मी मागच्या लग्नांचं विचारून पाहिलं. सुनीता म्हणाली, नुसतं झाडू-पोछा.

तुमच्या पद्धतीने मी तारीख मिळवून दिली. आता तुमच्या पद्धतीने आपल्याच माणसांच्या पाठीमागे गोमूत्र शिंपडू का? ते सांगा.

तुमचा,
केतन


अकोला
२१ नोव्हेंबर २०२५

केतन,

मी तुला एका माणसाचा इतिहास कळवला होता. काम सांगितलं नव्हतं. माझं पत्र नीट वाच. तू वाचण्यात एवढा काटेकोर, आणि जे लिहिलंच नाही ते त्यात कुठून वाचलंस?

झालं ते झालं. आता पुढे काही करू नकोस. विचारलंस म्हणून लिहितो. शिंपड. पाणी आहे असं समज. मी माझ्या साहेबाच्या घरी सत्यनारायणाला जाऊन तीर्थ घेतलेलं आहे, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असताना. ते पाणी होतं. मी बदललो नाही. मुलांच्या फिया भरल्या गेल्या.

मयुराने कपडे बांधायला घेतलेत. तिला या भानगडीतलं काही माहीत नाही, माहीत होऊ देऊ नकोस. एक महिना. एवढंच मागतो.

शांताराम


मयूर विहार
२ डिसेंबर २०२५

मामा,

सप्रेम जयभीम.

सगळं क्रमाने लिहितो. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

२३ तारखेला वादविवाद झाला. मी वॉशिंग्टनची बाजू मांडली. विटांचं सांगितलं, लोकांना आवडलं. मग सांगितलं की ज्या माणसाने आयुष्यभर गोऱ्यांना न दुखावण्याची काळजी घेतली, त्याला राष्ट्राध्यक्षांनी एकदा आपल्या घरी जेवायला बोलावलं, तर दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. एका पानावर जेवला म्हणून. समोर बसलेल्या बायका च् च् करत होत्या. एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, काय कोत्या मनाचे लोक असतील. त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघराचं दार होतं. त्या दाराचं कुलूप मीच आणलं होतं, आठवडाभर आधी.

लतिकाला पहिलं बक्षीस मिळालं. अण्णासाहेबांनी समारोप केला, की सुदैवाने आपल्याकडे हे सगळं इतिहासजमा झालं आहे. टाळ्या. मीही वाजवल्या.

आता ३० तारखेचं. लग्न साधं, नेटकं झालं. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं तेव्हा मी मागे खुर्च्या लावत होतो. ओठ आपोआप हलायला लागले, म्हणून हात तोंडावर धरला. लोकांना वाटलं असेल, मला वास येतोय.

प्रमोदिनीताई शुभेच्छा द्यायला आल्या होत्या. जरीची साडी, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. त्यांना सरबत दिलं तर आज उपास आहे म्हणाल्या. रविवारी कसला उपास. त्या माझ्या टेबलापाशी बसल्या. तेवढ्यात शालिनीबाई ताट घेऊन आल्या. वरण-भात, पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. ताट माझ्यापुढे केलं, पण टेकवलं नाही. हातातच धरून त्या हळूच म्हणाल्या,

“साहेब, आचारी बाहेरचा आहे. आमचा हात लागलेला नाही.”

मामा, ती बाई मुलीच्या लग्नात, माझ्यासमोर, तिच्या स्वतःच्या हाताबद्दल माफी मागत होती. आणि कुणाकडे? माझ्याकडे. मला आजवर प्रमोदिनीताईंची किळस आली, लतिकाची आली, अण्णासाहेबांची आली. त्या क्षणी जी आली ती या सगळ्यांहून जवळची होती, माझ्या शर्टाच्या आतली.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, काकू, जयभीम. मी निमगावचा. आपलाच आहे.

मोठ्याने बोललो नाही. पण प्रमोदिनीताई दोन हातांवर होत्या. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि उठून गेल्या.

काल सकाळी अण्णासाहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत. बसायलासुद्धा सांगितलं. म्हणाले, जातीचा प्रश्नच नाही, आम्ही जात मानत नाही, प्रश्न विश्वासाचा आहे, तू आधी सांगायला हवं होतंस. मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर ठेवलं असतंत का? ते म्हणाले, बघ, हा सूर. हाच सूर आम्हाला नको. गच्चीवरच्या खोलीत आता वाचनालय करायचं ठरलं आहे. मला पंधरा तारखेपर्यंत निघायचं आहे.

लतिकाचा मेसेज आला. ‘यार केतन, मला माहीतच नव्हतं. तू हे डिबेटमध्ये बोलायला हवं होतंस, बिल्कुल हादरून गेले असते सगळे.’ शेवटी मूठ आवळल्याचं चित्र.

गोमूत्राची बाटली सील न फोडता प्रमोदिनीताईंच्या टेबलावर ठेवली.

तुम्ही एक महिना मागितला होता. मी दिला नाही.

केतन


अकोला
९ डिसेंबर २०२५

केतन,

पत्र आलं तेव्हा मी जेवायला बसत होतो. उठलो.

तू काय मिळवलंस? तायड्यांचं लग्न तुझ्या ‘जयभीम’शिवायही पार पडलंच होतं. ताट घेतलं असतंस, दोन घास खाल्ले असतेस, तर त्या बाईचाही मान राहिला असता आणि मयुराची खोलीही. तुला स्वतःची किळस आली म्हणून तू बहिणीचं छप्पर घालवलंस. किळस घालवण्याचा हा फार महाग मार्ग आहे, आणि किंमत दुसऱ्याने मोजली. ड्यू बॉईसचं शेवटी काय झालं ते लतिकाने सांगितलं का? म्हातारपणी देश सोडून आफ्रिकेत गेला, तिथेच मेला. ज्यांच्यासाठी भांडला ते मागे राहिले.

मी हे रागाने लिहितोय. खोटं नाही लिहीत.

मयुराला सांगावंच लागलं. तिने तुझं पत्र मागून घेतलं, वाचलं आणि बांधलेली बॅग सोडून कपडे परत कपाटात ठेवले. एकेक घडी करून. रडली नाही. मला म्हणाली, दादाने पुढचं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, काय पुढचं? म्हणाली, त्याने जयभीम म्हटल्यावर त्या काकू काय म्हणाल्या?

मी पुन्हा पाहिलं. खरंच लिहिलेलं नाहीस. एवढा बारकाईने लिहिणारा तू. झाकणापर्यंत लिहिलंस. तिचं उत्तर गाळलंस.

काय म्हणाली ती?

शांताराम


शाहदरा, दिल्ली
१८ डिसेंबर २०२५

मामा,

सप्रेम जयभीम. मयुराने बरोबर ओळखलं. गाळलं होतं.

मी ‘आपलाच आहे’ म्हटल्यावर शालिनीबाईंचं तोंड आधी उजळलं. क्षणभरच. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पहिला फोन आठवला असावा. म्हणाल्या,

“म्हणजे तारीख नाही असं फोनवर तूच सांगितलंस. माहीत असून.”

‘साहेब’वरून त्या ‘तू’वर आल्या, याचं मला बरं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, नंतर मीच मिळवून दिली ना, काकू. त्या म्हणाल्या, ते लोक तसेच, त्यांचं मला काही वाटत नाही. पण मी तुझ्यापुढे महिनाभर वाकत होते आणि तू वाकू देत होतास. मग ताट मागे घेतलं. आदळलं नाही, टाकलं नाही. नुसतं मागे घेतलं आणि पंगतीत एका म्हाताऱ्या बाईपुढे ठेवलं. माझ्याकडे पाठ करून तिला भाजी वाढली.

तुम्हाला हे लिहिलं असतं तर त्या सगळ्या पत्रात मी जो दिसतो तो दिसलो नसतो. म्हणून गाळलं.

तुम्ही म्हणता मी ताट घ्यायला हवं होतं. मी रोज विचार करतो आहे. घेतलं असतं तर ती बाई समाधानाने घरी गेली असती, एका मोठ्या मनाच्या वरच्या जातीच्या माणसाने आपल्याकडचं खाल्लं असं सगळ्यांना सांगत. वॉशिंग्टनच्या मदतीने जे खटले लढले गेले, त्यातल्या कुणा माणसाने त्याला कधी गोऱ्यांचाच माणूस समजून नमस्कार केला असेल का? केला असेल तर त्याला झोप कशी लागली, हे कुठे लिहिलेलं मिळालं तर मला कळवा. मला चेष्टा करायची नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

आता मयुराचं. मी सामान बांधत होतो त्या दिवशी अशोकराव भाड्याच्या खुर्च्यांचा हिशेब करायला हॉलवर आले. माझी बॅग पाहून विचारलं. मी सांगितलं, नोकरी गेली, खोली गेली, बहीण यायची होती, आता नाही. ते हिशेब करून गेले. परवा त्यांचा फोन आला. रुचिताची खोली रिकामी आहे, गाझियाबादला, मेट्रो स्टेशन चालत जाण्यासारखं आहे, मेट्रो बदलून करोल बागेला जाता येतं. मुलीला पाठवा, जमेल तेवढं द्या. मी आभार मानायला लागलो, तर म्हणाले, थांब, ही बोलते.

शालिनीबाई फोनवर आल्या. म्हणाल्या, खोली तुझ्या बहिणीला आहे. तिचं नाव काय, काय खाते, थंडीचे कपडे आहेत का, हे सगळं विचारून घेतलं. मी म्हटलं, मी एकदा येऊन तुम्हाला भेटतो. त्या म्हणाल्या,

“तू येऊ नकोस. अजून नको.”

मी बरं म्हटलं. मला शाहदऱ्याला एका गोदामात बिलं लिहायचं काम मिळालं आहे, तिथेच वर झोपतो. मालकाने पहिल्याच दिवशी विचारलं, कौन बिरादरी? सांगितलं. त्याने मान हलवली आणि पाण्याचा माठ कुठे आहे ते दाखवलं. तो सगळ्यांचा आहे की वेगळा ठेवलेला, हे अजून कळलेलं नाही. पाहतो आहे.

तुम्ही मयुराला घेऊन निजामुद्दीनला उतरा. मी फलाटावर असेन. तिची बॅग मी गाझियाबादच्या त्या गल्लीपर्यंत आणून देईन. गल्लीच्या तोंडापासून पुढे बॅग तुम्ही घ्या. शालिनीबाई मोठ्याने बोलतात, तुम्हाला ऐकू येईल.

केतन